तेराशे वीस फूट

काटेरी तार म्हटली की बोट आपोआप काट्याकडे जातं. पण तिची खरी गोम बंडलाच्या लांबीत आहे. अमेरिकेत हे बंडल अजूनही 1320 फुटांचं मिळतं. हजार नाही, दीड हजार नाही, तेराशे वीस. मैलाचा नेमका चौथा हिस्सा.

तिथली पश्चिमेची जमीन 1785 च्या अध्यादेशानं चौरस मैलांत आखायला घेतली. एक चौरस मैल म्हणजे 640 एकर. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं बाहेरून येऊन वसणाऱ्याला त्यातला चतकोर, 160 एकर, देऊ केला: पाच वर्षं राहा, कसा, जमीन तुमची. या चतकोराची बाजू अर्ध्या मैलाची, म्हणजे दोन बंडलं. चारी बाजूंना आठ, चार पदरी कुंपणाला बत्तीस. एकेका रॉडवर, म्हणजे साडेसोळा फुटांवर, खांब रोवला तर खांब बरोबर 640. हे माप आपल्याला परकं वाटायला नको. इंग्रजी मोजणीची 66 फुटी साखळी म्हणजे चार रॉड, आणि तिच्या निम्म्याचा, 33 फुटांचा, चौरस म्हणजे आपला गुंठा!

त्या माळरानावर ना लाकूड, ना दगड. साधी तार लावली तर थंडीत आखडून तुटे, उन्हाळ्यात लोंबे, आणि गुरं तिला अंग घासत. इलिनॉयमधल्या डीकाल्बच्या जोसेफ ग्लिडननं 24 नोव्हेंबर 1874 ला पेटंट मिळवलं, ते या दुखण्यावरचं. काटा पिळायला त्यानं कॉफी दळायचं यंत्र वापरलं, असं सांगतात. एका तारेभोवती गुंडाळलेला काटा सरकतो, फिरतो. म्हणून दुसरी तार पहिलीला पीळ देऊन घातली की काटा जागीच जखडतो. शिवाय हा पीळ थोडा स्प्रिंगसारखा वागतो, म्हणून थंडी-उन्हाचा ताण पचतो. काट्याची कल्पना इतरांनाही सुचली होती. टिकला तो पीळ.

कुंपण बिघडतं ते बहुधा कोपऱ्यात. ताणलेली तार कोपऱ्याच्या खांबाचं डोकं आत ओढते. त्यासाठी आठेक फुटांवर दुसरा खांब रोवून दोघांच्या मध्ये आडवं लाकूड बसवतात आणि तिरकी तार पिळून आवळतात. ती कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून दुसऱ्याच्या डोक्याकडे जायला हवी. उलटी बांधली तर ती नुसती शोभेची, आणि पहिल्या पावसात जमीन भिजली की खांब कलतो. यू-खिळा लाकडाच्या रेषेला थोडा तिरका ठोकावा. दोन्ही टोकं एकाच रेषेत गेली तर खांब चिरतो. मधल्या खांबांवर तो पुरता ठोकू नये, तार आतून सरकती राहिली पाहिजे. नाहीतर फांदी पडली की सगळा भार एकाच गाळ्यावर येऊन तार तुटते. आणि तार गुरांच्या बाजूला लावावी, म्हणजे रेटा खिळ्यावर न येता खांबावर येतो. ताणताना तोंडासमोर तार नको. तुटली तर ती साप उसळावा तशी मागे येते.

हे सगळं शिकून घेणाऱ्यांनी कुंपण घातलं ते कुणाच्या तरी वाटेवर, शिकारीच्या रानावर. 1887 च्या डॉज कायद्यानं तर मूळ रहिवाशांची सामायिक जमीनच तोडून कुटुंबप्रमुखाला साधारण 160 एकर दिले, पुन्हा तोच चतकोर, आणि उरलेली 'जादा' ठरवून गोऱ्यांसाठी खुली केली. त्यांच्याकडची जमीन 1887 मध्ये 13 कोटी 80 लाख एकर होती. 1934 पर्यंत ती 4 कोटी 80 लाखांवर आली. या कामाला तोफेपेक्षा मोजणीची साखळी जास्त उपयोगी पडली.

खांब वाचवायला कुणी जिवंत झाडालाच तार ठोकतं. हा आळस महागात पडतो. साल वर्षागणिक तार गिळत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे कधी ते झाड कापायला घेतलं, की करवतीचे दात जातात.