झिरो की फर्स्ट: ‘की’नं तारलं आणि ‘की’नंच बुडवलं

इंग्रजी शिकायच्या ॲपवर आर्टिकल्सचा (‘अ’, ‘द’) डेक, म्हणजे सरावाच्या कार्डांचा गठ्ठा, संपवून आठवडाभर मिरवलो, आणि कंडिशनल्सनी, म्हणजे ‘इफ’च्या वाक्यांनी, नाक कापलं. काल ४० पैकी १७ कार्डं चुकली. त्यातलं एक डोक्यातच गेलं: ‘इफ यू लीव्ह मिल्क आउट, इट...’ मी ‘विल गो ऑफ’ लिहिलं. ॲपची लाल फुली. उत्तर म्हणे ‘गोज ऑफ’. का, ते सांगायची सोय नाही. फुकटच्या तयार डेकांबद्दल माझं मत काही बरं नाही.

मग ओट्यापाशी उभं राहून मोठ्यानं मराठीत बोलून पाहिलं. ‘दूध बाहेर राहिलं की नासतं.’ ‘आज दूध बाहेर राहिलं तर नासेल.’ अरेच्चा! ‘की’ आणि ‘नासतं’ म्हणजे झिरो कंडिशनल: कधीही, कुणाच्याही घरी खरं. ‘तर’ आणि ‘नासेल’ म्हणजे फर्स्ट कंडिशनल: या खेपेपुरतं. झिरोत ‘इफ’च्या जागी ‘व्हेन’ चालतं असं जे आपण घोकतो, ते म्हणजे हा ‘की’च! चहा उकळेपर्यंत २० कार्डं झाली, सगळी बरोबर. (महाबळेश्वरला पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, हे कार्ड मी स्वतः बनवलंय. झिरो.)

एकविसाव्याला आपटलो. ‘पाऊस थांबला की निघू.’ ‘की’ आहे, पण झिरो कुठला? निघायचंय आजच, म्हणजे ‘विल’ हवं. शिवाय पाऊस थांबणार हे धरून चाललोय, म्हणून ‘इफ’ही नाही: ‘व्हेन इट स्टॉप्स, वी विल लीव्ह.’ तेव्हा ‘की’वर भिस्त नको, शेवटचं क्रियापद बघायचं. ‘इफ’नंतर मात्र दोन्हीकडे साधा वर्तमानच. आपल्या ‘पाऊस आला तर’मधल्या ‘आला’ला भुलून ‘इफ इट रेन्ड’ लिहिलं की गाडी सेकंड कंडिशनलमध्ये, म्हणजे नुसत्या कल्पनेतल्या अटीत, घुसते.

आणि दुधाचं कार्ड? पोराला आज बजावायचं असेल तर माझं ‘विल गो ऑफ’ही बरोबरच होतं! कार्डावर कोण कुणाला बोलतंय तेच नव्हतं. डिलीट.

सोमवारी सेकंड उघडणार होतो, ते पुढे ढकललं. आधी हीच ४० कार्डं प्रसंगासकट पुन्हा लिहितो, घरातल्या वाक्यांवरून. पहिलं तयार आहे: ‘लोणच्यात ओला चमचा घातला की बुरशी येते.’ दुसऱ्यावर अडलोय: ‘ओला चमचा घातलास तर बघ!’ हे कुठल्या डेकात टाकू?