लागोसमध्ये जेवताना : कोणत्या सूपबरोबर काय मागवावे

लागोसच्या सुरुलेरे भागातील एका ‘बुका’त, म्हणजे साध्या स्थानिक खाणावळीत, आम्ही दुपारी जेवलो. तेथे ताटाकडे नीट पाहिल्यावर उमगले की नायजेरियन सूप आणि त्यासोबतचा मऊ गोळा हे सुटे निवडायचे पदार्थ नसून त्यांच्या जोड्या प्रांतोप्रांती ठरलेल्या आहेत. या गोळ्यांना सरसकट ‘स्वॅलो’ म्हणतात. उजव्या हाताने लहानसा घास तोडावा, अंगठ्याने त्यात खळगा करून सूप उचलावे आणि न चावता गिळावे.

आम्ही घेतलेली अबुला ही लागोसच्या मुलखातल्या योरुबा लोकांची जोडी आहे. त्यात वाळवलेल्या याम कंदाच्या पिठाचा तपकिरी अमाला असतो. हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला. त्यावर तागवर्गीय कोवळ्या पानांचे बुळबुळीत एवेडू, सोललेल्या चवळीचे पिवळे ग्बेगिरी आणि लाल मिरचीचा मांसाचा रस्सा एकत्र वाढतात. ‘अटा रोडो’ मिरची अतिशय तिखट असते, परंतु ग्बेगिरीच्या सौम्यपणामुळे ती सुसह्य होते. माझ्या मते लागोसमध्ये पहिले जेवण हेच असावे, कारण ते याच मुलखातले आहे.

बुळबुळीतपणा ज्यांना मुळीच चालत नाही त्यांनी एगुसी मागवावे. कलिंगडाच्या कुळातील फळांच्या बिया कुटून पाम तेलात आणि पालेभाजीत शिजवलेले हे सूप दाणेदार व भरीव असते आणि कुटलेल्या यामच्या गुळगुळीत गोळ्याबरोबर फार चांगले लागते. याउलट ओग्बोनो (रानआंब्यासारख्या फळांच्या बियांचे) किंवा भेंडीचे सूप ताणले जाणारे असल्याने त्यासोबत घट्ट, किंचित आंबट एबा घ्यावा. तो आंबवून भाजलेल्या कसाव्याच्या (ज्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाच्या) रव्यापासून, म्हणजे गारीपासून करतात. नायजर नदीच्या मुखाजवळील डेल्टा भागातील पामफळांच्या बांगा सूपबरोबर कसाव्याच्या सत्त्वाचा चिकट ‘स्टार्च’, तर उत्तरेकडील हौसा लोकांच्या मियान कुका या गोरखचिंचेच्या पानांच्या सूपबरोबर तांदळाचा तुवो शिंकाफा मागवावा.

मांसाबाबत मात्र मराठी प्रवाशाने आधीच स्पष्ट बोलावे. ‘असॉर्टेड’ म्हटले की बहुधा गायीच्या पोटातील अवयवांचे तुकडे येतात. ‘शाकी’ म्हणजे गायीच्या जठराचे तुकडे आणि ‘पोन्मो’ म्हणजे तिचे कातडे. ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी बकऱ्याचे मांस किंवा मासा असे नाव घेऊन सांगावे आणि सूपचा मूळ रस्सा कशाचा आहे हेही विचारावे.

शाकाहारी व्यक्तीने ‘मांस नको’ एवढेच सांगणे पुरेसे नाही, कारण वाळवलेल्या क्रेफिशची (लहान कोळंबीची) पूड, सुकवलेला मासा किंवा मांसाचा अर्क जवळजवळ प्रत्येक सूपमध्ये असतो आणि सूप सकाळीच मोठ्या पातेल्यांत शिजून तयार असते. तेव्हा तळलेली पिकलेली राजकेळी (डोडो), उकडलेला याम आणि पांढरा भात यांवर भागवावे. चवळीचे वडे (अकारा) घेण्यापूर्वी त्यांत क्रेफिश आहे का आणि ते कशात तळले आहेत, हे विचारावे.

बुकात सूप, स्वॅलोचा प्रत्येक गोळा आणि मांसाचा प्रत्येक तुकडा यांचे पैसे वेगवेगळे लागू शकतात, म्हणून वाढण्याआधीच किंमत विचारावी. प्रारंभी एकच गोळा पुरे. दुपारी लवकर जावे, कारण चांगले सूप संपले की त्या दिवशी पुन्हा मिळेलच असे नाही.

आग्नेय नायजेरियातील कालाबार शहराच्या एफिक लोकांचे एडिकांग इकोंग हे सूप दिसले तर सोडू नये. उगू आणि वॉटरलीफ या दोन पालेभाज्यांचा मोठा ढीग शिजवून ते करतात, त्यात वेगळे पाणी जवळजवळ घालतच नाहीत आणि मांस-माशांचीही रेलचेल असते, त्यामुळे ते इतर सूपांहून महाग पडते. त्यासोबत कुटलेला याम मागवावा.