बिल ज्याच्या नावावर, त्याची मान

भाचा साताऱ्याहून शिकायला फ्रान्समध्ये तुलूजला आला आणि खोली मिळेपर्यंत दोन महिने आमच्याकडे राहिला. तो गेल्यावर आठवड्याभरात मला इंटरनेट कंपनीकडून ईमेल आला. मजकूर मात्र सरकारी होता : अमुक तारखेला, अमुक मिनिटाला, तुमच्या कनेक्शनवरून अमुक सॉफ्टवेअर वापरून पिक्चरची बेकायदा देवाणघेवाण झाली. पिक्चरचं नाव कुठेच नाही! कायद्यानंच ते लिहायची मनाई आहे म्हणे. भाच्याला फोन केला, तर म्हणतो, "मामा, पण सीडर भरपूर होते हो!"

तिथेच गोम आहे. सीडर म्हणजे पिक्चर वाटणारे लोक. टॉरेंटवर, म्हणजे लोक एकमेकांकडून फाइली घेतात तिथे, पिक्चर उतरवताना आपणही त्याचे तुकडे इतरांना वाटत असतो. निर्मात्यांनी नेमलेली माणसं त्याच घोळक्यात शिरून आयपी पत्ते, म्हणजे नेट कनेक्शनचे नंबर, टिपतात, आणि तो पत्ता कुणाचा हे कंपनीला सांगावंच लागतं.

फ्रान्समध्ये हे २००९च्या 'आदोपी' या नेटवरच्या चोरीविरुद्धच्या कायद्यापासून चालू आहे. आधी ईमेल. सहा महिन्यांत पुन्हा सापडलात तर रजिस्टर्ड पत्र, ज्याला इथे 'रेकोमांदे' म्हणतात आणि ज्याच्या नुसत्या चिठ्ठीनं पोटात गोळा येतो. त्यानंतरही वर्षभरात सुधारला नाहीत तर प्रकरण सरकारी वकिलाकडे, दंड १५०० युरोपर्यंत. पूर्वी नेट तोडायचीही शिक्षा होती. २०१३मध्ये एकाला ६०० युरो दंड आणि पंधरा दिवस नेट बंद असा निकाल लागला, आणि काही आठवड्यांतच सरकारनं ती तरतूदच काढून टाकली.

मला खटकतं ते वेगळंच. गुन्हा डाउनलोडचा नाही, 'आपलं कनेक्शन नीट सांभाळलं नाही' याचा आहे. २०१२मध्ये बेल्फोरजवळच्या एका गृहस्थाला या कायद्याखालचा पहिला दंड झाला, १५० युरो. गाणी बायकोनं उतरवली होती, तिनं कोर्टात तसं सांगितलंही. पण कनेक्शन त्याच्या नावावर! आमच्याकडे पाहुण्याला चहाआधी वायफायचा पासवर्ड देतात. तो देताना आपण जामीन राहतोय, हे कुणाच्या डोक्यात येतं?

पासवर्ड बदललाय. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर सहा महिने संपतात त्या तारखेला बायकोनं लाल गोल केलाय. भाचा आला की आधी तो गोल दाखवते, मग चहा टाकते.