मोठा पाऊस, हेवी रेन आणि जड जेवण

मंगळवारी संध्याकाळी 6.30 च्या इंग्रजीच्या ऑनलाइन क्लासला (चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तिकडे 9 वाजलेले) चेंगडूच्या माझ्या विद्यार्थिनीने टाईप केलं, टुडे व्हेरी बिग रेन. इकडे घोडबंदरलाही धो धो कोसळत होता. मी लाल करायला गेले आणि थांबले, कारण आपणही 'मोठा पाऊस' म्हणतोच की. चिनीत ता यू म्हणतात, ता म्हणजे मोठा, यू म्हणजे पाऊस, ते तिने जसंच्या तसं इंग्रजीत आणलं. 'इज'सुद्धा तिथूनच गेला, चिनीत विशेषणाला 'आहे' लागत नाही, पेटी जड आहे असं सांगायला नुसतं 'पेटी हन चोंग' पुरतं.

इंग्रजीत मात्र पाऊस बिग नसतो, हेवी असतो, मग सगळा क्लास हेवीवरच गेला. चोंग म्हणजे जड, त्यामुळे हेवी बॉक्स, हेवी इंडस्ट्री तिला लगेच जमलं. अडतं ते पुढे. हेवी ट्रॅफिकला त्यांच्याकडे 'गाडी तुंबली' अशा अर्थाचा वेगळाच शब्द, आणि हेवी स्मोकर म्हणजे ज्याचं सिगरेटचं व्यसन 'मोठं' तो. उलट ती म्हणाली माय टेस्ट इज हेवी, मला वाटलं जेवण जड झालं की काय, तर तिला सांगायचं होतं की तिला झणझणीत, मसालेदार आवडतं. चिनीत त्याला खोउवेइ चोंग म्हणतात. हेवी मील म्हणजे पोटाला जड, चवीचा त्यात संबंध नाही, हे मी तिला तीन वाक्यांतून दाखवलं.

माझं ठाम मत झालंय की हेवीचा अर्थ पाठ करून उपयोग नाही, तो शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी बसतो ते पाठ करावं लागतं. आपल्याकडेच बघा ना, डोकं जड, पेपर जड गेला, पण चहा कडक आणि पाऊस मुसळधार, कोणी जड पाऊस म्हणत नाही. वर ठाण्यात घर शोधणाऱ्याला हेवी डिपॉझिट म्हटलं की लगेच कळतं, एकरकमी मोठी रक्कम ठेवायची आणि भाडं नाही. हे मी तिला मुद्दाम सांगितलं नाही, इंग्रजीत तो अर्थ धरून बसली असती.

शेवटी तिने स्वतःहून लिहिलं, आय लेफ्ट माय मदर्स हाउस विथ अ हेवी हार्ट. चिनीतही मन जडच होतं म्हणे. त्या वाक्याला मी हातच लावला नाही. गुरुवारी 'स्ट्राँग' हा शब्द घेणार आहे, चहापासून सुरुवात.