माऊस बाजूला ठेवून एक्सपी

आमच्या ऑफिसात नव्याने लागलेली मुलं कधी ना कधी विचारतातच, "मॅडम, माऊसला हात न लावता हे कसं चालवता?" त्यामागे 'अजून विंडोज एक्सपी?' हा प्रश्नही असतो, पण तो भिडेपोटी गिळतात. त्याचं उत्तर आधी देते. आमचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि त्याहून जुना हिशेबाचा प्रोग्राम याच मशीनवर चालतो. एक्सपी २००१ सालचं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणं, ८ एप्रिल २०१४ला थांबवला, तेव्हापासून या मशीनला नेटची वायर लावलेली नाही. तुमच्याकडे असं मशीन असेल तर तुम्हीही लावू नका.

आता माऊसचं. मी काही पाठ केलेलं नाही. शॉर्टकटची यादी छापून भिंतीला चिकटवणारे खूप पाहिलेत. कागद पिवळा पडतो आणि हात माऊसवरच राहतो. कोणतं अक्षर दाबायचं ते मेनूतच दाखवलेलं असतं, त्या अक्षराखाली रेघ असते. एक्सपी मात्र ही रेघ ऑल्ट दाबेपर्यंत लपवून ठेवतं. म्हणून डेस्कटॉपवर राइट क्लिक करा (एवढ्यापुरता माऊस घ्या), प्रॉपर्टीज, अपिअरन्स, इफेक्ट्स असं जा आणि 'हाइड अंडरलाइन्ड लेटर्स'पुढची खूण काढून टाका. मग वेगळी यादी लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळा मला हाक येते ती हरवलेल्या विंडोसाठी. प्रोग्राम चालू आहे, खाली टास्कबारवर दिसतोय, पण पडद्यावर काहीच नाही. दुसरा मॉनिटर काढला की असं होतं. विंडो जुन्या जागीच, म्हणजे पडद्याच्या बाहेर उघडते. माणसं मशीन बंद-चालू करत बसतात. ऑल्ट-टॅबने त्या विंडोवर या, ऑल्ट-स्पेस दाबा, मग एम, आणि बाणाची कळ दाबून ठेवा. विंडो सरकत आत येते. आली की एंटर. मेनूत 'मूव्ह' फिकट दिसलं तर आधी आर दाबून विंडो रिस्टोअर करा, मग तेच पुन्हा.

दुसरं, एररचा मेसेज. इंजिनिअरला फोनवर इंग्रजी स्पेलिंग सांगत बसू नका. साध्या मेसेज बॉक्सवर नुसतं कंट्रोल-सी दाबा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा, अख्खा मजकूर येतो. ही सोय कुठे लिहिलेली दिसत नाही, म्हणून कुणाला माहीत नसते.

फोटोंना एकेक नाव देणाऱ्यांची मला खरंच दया येते. सगळे सिलेक्ट करा, एफ टू, एक नाव, एंटर. पुढचे नंबर एक्सपी स्वतः घालतं. पेन ड्राइव्ह किंवा सीडी घालताना शिफ्ट दाबून ठेवली की आतलं काही आपोआप सुरू होत नाही. व्हायरसवर हा पुरा इलाज नव्हे, पण सवय चांगली.

मराठीसाठी कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची (देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांची) खूण करावी लागते. तेव्हा ते एक्सपीची सीडी मागतं, ती हाताशी ठेवा. मग तिथेच मराठी कीबोर्ड जोडला की डावा ऑल्ट आणि शिफ्ट दाबून भाषा बदलते. कीबोर्ड इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या मांडणीचा असतो. 'दऱ्या' लिहिताना बरेच जण अडतात, कारण साध्या र-ला य जोडला की 'दर्या' होतो. शिफ्ट-जे दाबून नुक्त्याचा ऱ घ्या, मग डी म्हणजे हलन्त, मग य.

नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत टिंब आणि लगेच कॅपिटलमध्ये एल-ओ-जी टाइप करून फाइल सेव्ह करा. पुढे ती जेव्हा उघडाल तेव्हा शेवटी वेळ आणि तारीख आपोआप पडते. फोनवरच्या ऑर्डरी मी अशाच टिपते.

यातलं बहुतेक नव्या विंडोजवरही चालतं. बंद करायचं तंत्र तेवढं बदललं: एक्सपीत विंडोज की, यू, यू, विंडोज १०वर तसं केलंत तर ते यू शोधायला लागतं. तिथे विंडोज-एक्स दाबा, मग यू, यू.