रुपिनची तयारी, आठवडा सहावा: बर्फाची लादी आणि वाळूचा ढीग

गेल्या शनिवारी पारा ४२ च्या वर गेला होता आणि मी हिमालयातल्या रुपिन खिंडीच्या ट्रेकसाठी बूट तपासायला गच्चीवर बर्फात उभा होतो. कारखान्यातून अर्धी लादी आणली, गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडली, घमेल्यात भरली, वर दोन तांबे पाणी ओतलं आणि बूट घालून आत पाय ठेवले. शेजारच्या काकू पापड उलटायला आल्या होत्या. एकदा घमेल्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उरलेला तुकडा फेकू नका हं, कूलरमध्ये टाकते."

उजवा बूट पास. डावा अठराव्या मिनिटाला नापास. जीभ जिथं शिवलीय तिथून गारवा आत आला आणि मोजा ओला झाला. पावसाळी सह्याद्रीत हे कधी कळलंच नव्हतं, कारण तिथं पाणी वरूनच बुटात जातं, दोष कुणाला देणार? शिवणीवर सीलर लावलाय. या रविवारी पुन्हा लादी.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: जूनच्या पहिल्या आठवड्यात रुपिन पासचा ट्रेक करतोय. उत्तराखंडात धौल्याला सुरुवात, हिमाचलात सांगल्याला शेवट, खिंड साधारण ४६५० मीटर. सप्टेंबरचे हिरवे फोटो बघून या दिवसांची तयारी करू नका. मे-जूनमध्ये वरच्या टप्प्यात हिवाळ्याचा बर्फ अजून पडून असतो. वाटेवरच्या धबधब्याच्या अंगानं चढताना तर बर्फाच्या पुलांवरूनच नदी ओलांडावी लागते. हे पूल खालून पाण्यानं पोखरले जातात आणि वरून धडधाकट दिसतात.

या दिवसांत सगळा खेळ घड्याळाचा. रात्री बर्फ कडक होतो, पहाटे माणसाचं वजन पेलतो. दहा-अकरानंतर तोच बर्फ गुडघ्यापर्यंत गिळतो. ओढ्यांचंही तसंच. सकाळी पाणी कमी, दुपारी वितळलेलं खाली पोचलं की वाढतं. त्यात दुपारनंतर ढग आणि गारांची धास्ती. म्हणून खिंडीच्या दिवशी पहाटे तीन-चारलाच तंबू सोडायचा. आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. मार्चपासून सोलापुरात जे काय करायचं ते उन्हं चढायच्या आत, हे आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकतोय. सध्या साडेतीनला उठतो, नऊला झोपतो. लग्नसराईत नऊला झोपणं हा या तयारीतला सगळ्यात अवघड भाग.

आता वाळू. आमच्या गल्लीच्या टोकाला बांधकाम चालूय, तिथं पुरुषभर उंचीचा ढीग आहे. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांच्या उतारावर स्थिरावते, त्याहून खडी राहत नाही. म्हणजे पाय रोवायच्या सरावाला चांगला चढ फुकटात मिळाला. पहिल्या पहाटे वॉचमन काका बॅटरी मारत आले. "काय ओ साहेब, काय करालाव वाळूत? काय हरवलं का?" समजावून सांगितल्यावर खुर्ची ओढून बसले आणि माझ्या फेऱ्या मोजू लागले.

आदल्या संध्याकाळी ढिगावर पाच-सहा बादल्या पाणी मारलं तर पहाटे वरचा थर पाय धरतो. आठपर्यंत तो वाळला की पोटरीपर्यंत रुतायला होतं. सकाळचा आणि दुपारचा बर्फ, दोन्ही एकाच ढिगात! चढताना लाथ गुडघ्यातून झुलवून मारायची, बुटाच्या वजनाला काम करू द्यायचं, पायरी जमली की मग भार टाकायचा. उतरताना टाच आधी, गुडघा किंचित वाकलेला. घसरल्यावर आइस ॲक्सनं, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीनं, थांबायचा सराव मात्र वाळूत होत नाही. मी पोटावर पडून बघितलं, नाकातोंडात वाळू गेली, बाकी काही हाती लागलं नाही. ते तिथं गाइडकडूनच शिकणार.

जिने चालू आहेत. आमची इमारत पाच मजली, एका फेरीत १५ मीटर चढ. धबधब्याच्या माथ्यावरच्या कॅम्पपासून खिंड सहाशे-साडेसहाशे मीटर वर, म्हणजे चाळीस-त्रेचाळीस फेऱ्या. आता बत्तिसावर आहे. पाठीवर ११ किलो, त्यातले ६ किलो पाण्याच्या बाटल्या. शेवटच्या चढानंतर त्या गच्चीवरच्या कुंड्यांत रिकाम्या करतो आणि हलका उतरतो. गुडघे खूश, तुळसही खूश.

पण हे सगळं पायांसाठी. साडेचारशे मीटरवरच्या सोलापुरात विरळ हवेची तयारी होत नाही. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली असतो. ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायचा नाही, हाच उपाय. उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं डॉक्टरांना विचारा, ग्रुपवरच्या दादाला नको.

गॉगल बाजूनं बंद असलेलाच घेतला. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही क्रीम लावायचं.

खाऊ ठरला: कडक भाकरी आणि कुटलेली शेंगाचटणी. भाकरी स्टीलच्या डब्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी भुगाच. चटणी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून बघितली. तेलासकट गोठून असा खडा झाला की चमचा वाकला. तेव्हा चटणीची पुडी जॅकेटच्या आतल्या खिशात, फोनच्या बॅटरीशेजारी.

एक मदत हवीय. गुरुवारी इथं स्लॅब आहे, वाळू संपणार. जुळे सोलापूरकडे कुठं पुरुषभर ढीग पडला असेल तर सांगा. झाडू माझा, सांडलेली वाळू परत लोटून देतो.