रिकामं जातं फिरवू नये

धुळवडीला जुन्या नाशकात वीर निघतात. घरातला जो पूर्वज अकाली गेला त्याचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची छोटी प्रतिमा, देवघरातून काढायचा, हातात धरून वाजतगाजत रामकुंडावर न्यायचा, अंघोळ घालायची, होळीभोवती नाचवायचा. बुधवार पेठेतला दाजीबा वीर तर बाशिंग बांधून निघतो. मी लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत आलेय आणि दरवर्षी भरून येतं, इतक्या पिढ्यांमागं गेलेल्या माणसाला कुणीतरी अजून हातात घेऊन नाचतंय.

आमच्या घरात टाक नाही. पणजी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होती एवढं आजी सांगते. २ मार्च १९३० ला तो सुरू झाला, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका चार दरवाज्यांवर बसल्या, त्यात ती होती की नंतरच्या तुकडीत हे घरात कुणालाच माहीत नाही. फोटो नाही. रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत लोकांना सात सात पिढ्या सापडतात, आमची माणसं तिथं असणार कशी, त्यांना कुंडाला हात लावू देत नव्हते.

म्हणून मी नव्या परफॉर्मन्ससाठी जातं आणलं. आई चिडली. "बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आपलं, श्राद्ध करायचं नाही म्हणून बाबासाहेबांनी सांगितलंय, अन् तू पूर्वज पूर्वज काय लावलंस?" तिचं खरंच होतं, दोन रात्री झोप नाही आली. मग एकेक वस्तू काढत गेले, कुंकू काढलं, नैवेद्य काढला, पाण्यात काही सोडायचं नाही ठरवलं. उरलं जातं, बाजरी आणि आवाज. कर्मकांड सोडलं म्हणजे आठवणही सोडायची असं तर नाही ना, लोककवी वामनदादा कर्डक आपल्या सिन्नरच्या देशवंडीचे, आयुष्यभर गात फिरले ते आठवण राहावी म्हणूनच की.

वस्तीतल्या विहाराच्या अंगणात केला प्रयोग. एका नावाला जात्यात बाजरीचा एक घास. आईचं नाव, तिच्या आईचं, तिच्या आईचं. मग बसलेल्या बायकांना एकेक करून बोलावलं. आजीपर्यंत येतात सगळ्या, पुढं अडकतात, आणि नाव आलं नाही की मी घास न टाकता जातं फिरवायचे, दगडावर दगड घासल्याचा तो आवाज अंगणभर, कुणी हलत नव्हतं.

तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मागून आजी ओरडली, "रिकामं जातं फिरवू नये गं!" काठी टेकत आली, समोर मांडी घालून बसली, खुंट्यावर माझ्या हाताखाली हात लावला. मूठभर बाजरी टाकली आणि तिच्या आईचं माहेरचं नाव घेतलं. आम्हाला आजवर सासरचंच माहीत होतं. आईनं ते तिथल्या तिथं मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

पुढचा प्रयोग येवल्याला करायचाय. त्याआधी जातं टाकवून, म्हणजे दगडाला पुन्हा खाचा पाडून घ्यायला लागेल, बाजरी भरड पडतेय, नाशकात जात्याला टाकी लावणारं कुणी माहीत असेल तर सांगा.